गुडघ्याजवळ हाडाचा चुरा झालाय, तरी डॉक्टर ‘दहा दिवस थांबा’ का म्हणतात?

बाईक घसरल्याचा किंवा गाडीने उडवल्याचा फोन येतो. तुम्ही हॉस्पिटलमध्ये पोहोचेपर्यंत पेशंटचा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झालेला असतो. एक्स-रे निघतो. त्यातलं फार काही कळत नसलं तरी एवढं दिसतं की गुडघ्याच्या खाली जिथे एक अखंड हाड असायला हवं, तिथे चार-पाच तुकडे आहेत. घरातलं कुणीतरी विचारतं, "डॉक्टर, ऑपरेशन आज की उद्या?" आणि डॉक्टर म्हणतात, "आज बाहेरून रॉड लावून ठेवू. खरं ऑपरेशन आठ-दहा दिवसांनी बघू."

इथून खरी गडबड सुरू होते. "हाडाचा चुरा झालाय आणि हे थांबा म्हणतायत?" "बिल वाढवायचं असेल." "माझ्या मेव्हण्याचं तर दुसऱ्याच दिवशी केलं होतं." मग कुणीतरी दुसऱ्या हॉस्पिटलचं नाव सुचवतं, कुणीतरी गावाकडच्या हाडवैद्याचं, आणि तुटलेल्या पायाचा पेशंट अँब्युलन्समध्ये टाकून नातेवाईक निघतात.

खरं तर या विशिष्ट फ्रॅक्चरमध्ये थांबणं हाच उपचाराचा भाग असतो. का, ते समजून घ्यायचं तर आधी नेमकं काय मोडलंय ते बघावं लागेल.

मोडतं ते नेमकं काय?

नडगीचं हाड म्हणजे टिबिया. खाली घोट्याकडे ते बारीक असतं, पण वर गुडघ्यापाशी येताना रुंद होत जातं आणि शेवटी सपाट होतं. मांडीच्या हाडाची दोन गोलसर टोकं या सपाट भागावर टेकतात. या भागाला डॉक्टर ‘टिबियल प्लॅटो’ म्हणतात. प्लॅटो म्हणजे आपलं भूगोलातलं पठार. साधं चालतानासुद्धा गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो आणि तो सगळा या पठारावर पेलला जातो.

पठाराचे दोन भाग आहेत. दुसऱ्या पायाच्या बाजूचा, म्हणजे आतला भाग मोठा, किंचित खोलगट आणि चांगला दणकट असतो. बाहेरचा भाग त्यामानाने लहान, किंचित फुगीर आणि कमजोर. दोन्हींवर कूर्चेचा गुळगुळीत थर आणि त्याच्यावर मेनिस्कस नावाची गादी. कूर्चेच्या खाली जे हाड असतं ते पोकळ्यापोकळ्यांचं, स्पंजसारखं. त्यामुळे जोरात दाब आला की ते नुसतं चिरत नाही, तर खचतं. जमीन खचावी तसं.

अपघातात होतं काय, तर मांडीचं हाड पाचरीसारखं खाली घुसतं. लाकडात पाचर ठोकल्यावर ढलपी उडते, तशी पठाराची एक बाजू फाकते किंवा आत दबते. अमेरिकेत मोटारी वाढायला लागल्या तेव्हाच डॉक्टरांच्या हे लक्षात आलं होतं. १९२९ साली कॉटन आणि बर्ग या दोन डॉक्टरांनी या इजेवर लेख लिहिला आणि तिला ‘फेंडर फ्रॅक्चर’ म्हटलं. पुढे ‘बंपर फ्रॅक्चर’ हे नाव जास्त चाललं. कारण सरळ होतं, रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला मोटारीचा पुढचा भाग नेमका गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला लागायचा. बाहेरची बाजू आधीच कमजोर, त्यात धक्काही तिथेच. आजही एका बाजूचं फ्रॅक्चर असेल तर ते बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचं असतं.

आपल्याकडे बंपरपेक्षा दुचाकी हे मोठं कारण आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हा झाला मृत्यूंचा आकडा. जे वाचले आणि गुडघा घेऊन बसले, ते यात नाहीत.

फाइलवर लिहिलेलं ‘शॅट्झकर सिक्स’ म्हणजे काय?

जोसेफ शॅट्झकर हे कॅनडातल्या टोरोंटोचे सर्जन. १९६८ ते १९७५ या काळात तिथे आलेल्या अशा फ्रॅक्चर्सचा अभ्यास करून त्यांनी सहकाऱ्यांसोबत १९७९ मध्ये एक पेपर लिहिला. त्यात या फ्रॅक्चरचे सहा प्रकार पाडले होते. आज पंचेचाळीस वर्षांनंतरही जगभरच्या ऑर्थोपेडिक वॉर्डात सकाळच्या राउंडला हेच आकडे बोलले जातात.

पहिल्या प्रकारात बाहेरच्या बाजूची फक्त ढलपी सुटते. हे सहसा तरुणांमध्ये दिसतं, कारण त्यांचं हाड कडक असतं, ते खचण्याऐवजी चिरतं. दुसऱ्यात ढलपीही सुटते आणि शेजारचा भाग खचतोही. तिसऱ्यात ढलपी नाही, नुसताच खड्डा. हा प्रकार हाडं ठिसूळ झालेल्या वयस्कर माणसांत जास्त. आजी बाथरूममध्ये घसरली, फार काही लागलं नाही असं वाटलं, पण गुडघा सुजला आणि वजन देता येईना, अशा वेळी हा प्रकार निघू शकतो.

चौथा म्हणजे आतल्या बाजूचं फ्रॅक्चर. पाचव्यात आतली आणि बाहेरची, दोन्ही बाजू मोडतात. आणि सहाव्यात पठाराचा सगळा भाग खालच्या नडगीपासून सुटाच होतो. टेबलाचा वरचा फळा मोडला आणि शिवाय तो पायांपासूनही निखळला, असं काहीसं. चौथा, पाचवा आणि सहावा हे जोरदार धडकेचे प्रकार. डॉक्टर ‘कॉम्प्लेक्स’ म्हणतात तेव्हा बहुतेकदा यांच्याबद्दलच बोलत असतात.

इथे एक गैरसमज होतो. आकडा जितका मोठा तितकं वाईट, असं आपल्याला वाटतं. साधारणपणे ते खरंही आहे, पण चौथा प्रकार या हिशेबात बसत नाही. एक्स-रेवर तो कधी कधी अगदी साधा दिसतो, एकच मोठा तुकडा, फार चुरा नाही. पण आतली बाजू दणकट असते हे आपण वर बघितलं. ती मोडायला प्रचंड जोर लागतो. अनेकदा त्या क्षणी गुडघा सांध्यातून निसटलेला असतो आणि नंतर आपोआप जागेवर आलेला असतो. या ओढाताणीत लिगामेंट फाटतात, गुडघ्याच्या मागून जाणारी रक्तवाहिनी ताणली जाते किंवा फाटते. त्यामुळे ‘चार नंबर आहे, सहा नाही’ म्हणून निर्धास्त व्हायचं कारण नाही.

मग सीटी स्कॅन कशाला?

शॅट्झकर यांनी वर्गवारी केली ती साध्या एक्स-रेवरून. त्या काळी सीटी स्कॅन नुकतं कुठे येत होतं. एक्स-रेची अडचण अशी की तो त्रिमितीय वस्तूची सावली दाखवतो. समोरून काढलेल्या फोटोत आतली आणि बाहेरची बाजू दिसते, पण मागे काय झालंय ते नीट कळत नाही. एकाच एक्स-रेला दोन सर्जन दोन वेगवेगळे नंबर देतात, असंही होतं.

मागचा तुकडा चुकला तर काय बिघडतं? बरंच. गुडघा वाकवला की मांडीच्या हाडाचा भार मागच्या बाजूला सरकतो. सर्जनने समोरून आणि बाजूने उत्तम प्लेट बसवली, पण मागच्या तुकड्याला धरणारं काहीच नसलं, तर पेशंट गुडघा वाकवायला लागल्यावर तो तुकडा हळूहळू खाली घसरतो. ऑपरेशननंतरच्या एक्स-रेमध्ये सगळं छान आणि दोन महिन्यांनी गुडघा डळमळीत.

चीनमधल्या शांघायचे सर्जन लुओ त्सोंग-फेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये यावर एक सोपा विचार मांडला. पठाराकडे वरून बघा आणि त्याचे तीन खांब समजा: बाहेरचा, आतला आणि मागचा. सीटीमध्ये यातले जे खांब मोडलेले दिसतील, त्या प्रत्येकाला आधार द्या. खुद्द शॅट्झकर यांनीही माउरिसिओ कफुरी यांच्यासोबत २०१८ मध्ये आपली वर्गवारी सुधारली. जुने सहा आकडे तसेच ठेवले, पण तुकडा पुढचा आहे की मागचा, हेही त्यात जोडलं. स्वतःच्याच नावाने चार दशकं चालत आलेली गोष्ट अपुरी आहे म्हणून दुरुस्त करणं, हे मला तरी भारी वाटलं.

थोडक्यात, एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर दिसत असताना सीटी सांगितला तर तो उगाच खर्च नाही. चीर कुठून द्यायची, पेशंटला टेबलावर उताणं झोपवायचं की पालथं, हे त्यावरून ठरतं.

आता मूळ प्रश्न: थांबायचं का?

उत्तर हाडात नाही, कातडीत आहे.

नडगीवर हात फिरवून बघा. हाड आणि कातडी यांच्यामध्ये जवळजवळ काहीच नाही. मांडीसारखं मांसाचं जाड आवरण तिथे नसतं. जोरदार अपघातात हाड मोडतं त्याच वेळी ही पातळ कातडी आणि तिच्या खालचे बारीक रक्तमार्गही चेचले जातात. पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज वाढत जाते, कातडी ताणून चकचकीत होते, पाण्याचे नाहीतर रक्ताचे फोड येतात. अशा कातडीला चीर दिली तर ती नीट मिटत नाही. टाके उसवतात, जखम उघडी पडते आणि आत बसवलेली प्लेट जंतूंच्या तावडीत सापडते. प्लेटवर जंतू एकदा बसले की नुसत्या गोळ्या-इंजेक्शनांनी ते सहसा जात नाहीत. पुन्हा पुन्हा ऑपरेशन, जखम धुणं, प्लेट काढणं, असा फेरा सुरू होतो.

हे सर्जन लोकांनी ठेच खाऊनच शिकलंय. पूर्वी पाचव्या-सहाव्या प्रकारात गुडघ्याच्या मधोमध एक लांब चीर द्यायचे, दोन्ही बाजूंची कातडी उचलायचे आणि दोन्हीकडे जाड प्लेटा बसवायचे. एक्स-रे सुंदर यायचा. जखमा मात्र सडायच्या. काही जुन्या मालिकांमध्ये संसर्गाचं प्रमाण इतकं होतं की दोन प्लेटा वापरायलाच लोक घाबरायला लागले. नंतर लक्षात आलं की दोष दोन प्लेटांचा नाही, घाईचा आणि त्या एका मोठ्या चिरेचा आहे.

म्हणून आता दोन टप्प्यांत काम होतं. पहिल्या दिवशी मांडीच्या हाडात दोन आणि नडगीत खाली दोन पिना घालून त्यांना बाहेरून रॉडने जोडतात. याला एक्स्टर्नल फिक्सेटर म्हणतात. दिसायला भयंकर, पेशंटला बघायला आलेली मंडळी ते बघून आधी घाबरतात. पण त्याचं काम साधं आहे, पाय ताणून सरळ धरायचा. हाड पुन्हा आखडत नाही, तुकडे हलत नाहीत, दुखणं कमी होतं आणि कातडीला सावरायला वेळ मिळतो. सीटी स्कॅनही हा रॉड लावल्यावरच काढलेला बरा, कारण पाय ताणल्यावर तुकडे थोडेफार जागेवर येतात आणि चित्र स्पष्ट दिसतं.

मग वाट बघायची ती कशाची? सुरकुत्यांची. सूज उतरली की ताणलेल्या कातडीवर पुन्हा बारीक सुरकुत्या दिसायला लागतात. सर्जन रोज राउंडला येऊन पायाकडे बघून जातात, काहीच करत नाहीत असं नातेवाइकांना वाटतं, तेव्हा ते हेच बघत असतात. कुणाला पाच दिवस लागतात, कुणाला दोन आठवडे, कधी जास्तही. फार उशीर झाला, तीन आठवड्यांच्या पुढे गेलं, तर तुकडे चुकीच्या जागी चिकटायला लागतात आणि काम अवघड होतं. म्हणजे थांबायचं, पण बेमुदत नाही.

मेव्हण्याचं दुसऱ्या दिवशी झालं, तेही खोटं नसेल. पहिल्या-दुसऱ्या प्रकारात सूज कमी असेल तर लवकर ऑपरेशन करता येतं. दोन्ही पाय ‘गुडघ्याजवळ मोडले’ असले तरी ती एकच इजा नव्हे.

या थांबण्याला पैशाची एक बाजू आहे, तीही सांगायला हवी. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राने मे २०२५ मध्ये कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली. त्यात दीड लाखापर्यंतचा खर्च मिळतो, पण अपघातापासून सात दिवसांपर्यंतच्या उपचारांसाठी. आता गणित करा. पहिल्या दिवशीचा रॉड, सीटी, भरती हे त्यात बसू शकतं. पण सुरकुत्या दहाव्या दिवशी दिसल्या तर मुख्य ऑपरेशन त्या मुदतीबाहेर जातं. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, मात्र हॉस्पिटल योजनेत असायला हवं. तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठा आणि दुसऱ्या टप्प्याचं ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं ते विचारून ठेवा. दहाव्या दिवशी धावाधाव करण्यापेक्षा ते बरं.

एका बाबतीत मात्र एक तासही थांबायचं नाही

पोटरीतले स्नायू चार कप्प्यांत बांधलेले असतात. या कप्प्यांचं आवरण चिवट असतं, ताणलं जात नाही. मोडलेल्या हाडातून रक्त झिरपतं, स्नायू सुजतात आणि कप्प्यातला दाब वाढत जातो. एका मर्यादेनंतर तो इतका वाढतो की बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि स्नायू, नसा आतल्या आत मरायला लागतात. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. सहाव्या प्रकारात आणि सांधा निसटलेल्या फ्रॅक्चरमध्ये याचा धोका जास्त. हातात वेळ असतो तो काही तासांचा. साधारण सहा तासांनंतर कायमचं नुकसान सुरू होतं असं मानतात.

ओळखायचं कसं? फ्रॅक्चर म्हटलं की दुखणारच, पण हे दुखणं वेगळं असतं. इंजेक्शन देऊनही ते थांबत नाही, उलट चढत जातं. पायाची बोटं दुसऱ्याने हळूच वर-खाली हलवली तरी पेशंट ओरडतो. पोटरी हाताला दगडासारखी लागते. मुंग्या येणं, बधिरपणा हे पुढचं. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे पावलावरची नाडी. ती लागत असते, पाऊल गरम असतं, त्यामुळे ‘रक्तपुरवठा चालू आहे, काळजी नको’ असं वाटतं. मोठ्या रक्तवाहिनीतला दाब जास्त असतो, म्हणून ती चालू राहते आणि आतले स्नायू मात्र मरत असतात. रात्री दोन वाजता पेशंट असं ओरडत असेल तर ‘सहन कर जरा’ म्हणू नका, सिस्टरला आणि डॉक्टरला उठवा.

उपाय एकच. पोटरीवर लांब चिरा देऊन चारही कप्पे मोकळे करायचे. या जखमा लगेच शिवत नाहीत, काही दिवस उघड्याच ठेवतात. कधी कधी त्यावर मांडीची कातडी लावावी लागते. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण पाय वाचतो तो यामुळेच.

आणि म्हणूनच मोडलेल्या गुडघ्याला तेल लावून चोळणं, काठ्या लावून आवळून बांधणं हे प्रकार धोक्याचे आहेत. आतून दाब वाढत असताना बाहेरूनही आवळलं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. अगदी हॉस्पिटलमधली पट्टी किंवा प्लॅस्टर घट्ट वाटत असेल तरी लगेच सांगा.

आणखी एक तपासणी घरच्यांनाही करता येते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस जाते. ती दुखावली की पाऊल वर उचलता येत नाही. पेशंटला अंगठा स्वतःकडे ओढायला सांगा. ओढता येत नसेल तर ते ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला आणि फाइलमध्ये त्याची नोंद झाली का तेही बघा. पुढे चालताना याच माणसांची चप्पल पायातून निसटत राहते.

ऑपरेशनमध्ये करतात काय?

सगळ्याच फ्रॅक्चर्सना ऑपरेशन लागत नाही. तुकडे फारसे सरकलेले नसतील आणि गुडघा बाजूला डुलत नसेल तर पट्टा लावून, वजन न देता बरं करता येतं. पायरी किती मिलिमीटरची असली की ऑपरेशन करायचं, यावर सर्जनांमध्ये मतभेद आहेत. दोन-तीन मिलिमीटर हा आकडा बरेचदा ऐकू येतो. पण पाय सरळ रेषेत आहे का आणि सांधा स्थिर आहे का, या दोन गोष्टी त्या पायरीपेक्षा महत्त्वाच्या, यावर बऱ्यापैकी एकमत आहे.

कॉम्प्लेक्स फ्रॅक्चरमध्ये आता एका मोठ्या चिरेऐवजी दोन वेगळ्या चिरा देतात: एक समोरून बाहेरच्या बाजूला, दुसरी आतल्या बाजूला जरा मागे. दोन्हींच्या मध्ये कातडीचा चांगला रुंद पट्टा राखतात, म्हणजे तिचा रक्तपुरवठा तुटत नाही. बरेचदा आतली बाजू आधी जुळवतात, कारण तिथले तुकडे मोठे असतात. एक बाजू पक्की झाली की दुसरी कुठपर्यंत उचलायची याचा अंदाज येतो. भिंत बांधताना आधी एक कोपरा ओळंब्यात घेतात, तसंच.

मग खचलेला भाग. तो वरून ओढून काढता येत नाही. हाडाला खालच्या बाजूने छोटी खिडकी पाडतात किंवा सुटलेली ढलपी दारासारखी उघडतात आणि आतून खास हत्याराने तो भाग हळूहळू वर ठोकत आणतात. गाडीचा चेमटलेला पत्रा आतून ठोकून बाहेर काढतात ना, तसं. मेनिस्कस थोडी उचलून सर्जन पृष्ठभाग थेट बघतो, शिवाय सी-आर्म मशीनवर एक्स-रे चालू असतोच.

भाग वर आला की त्याच्याखाली पोकळी राहते. ती तशीच सोडली तर छत पुन्हा बसणार. म्हणून तिथे भराव घालतात: पेशंटच्याच कमरेच्या हाडातून काढलेला चुरा किंवा कॅल्शियम फॉस्फेटचं सिमेंट. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत पृष्ठभाग पुन्हा खचण्याचं प्रमाण सिमेंटमध्ये कमी आढळलं. शिवाय कमरेची वेगळी जखम वाचते. त्याच्या लगेच खाली आडवे स्क्रू एकाशेजारी एक घालतात, छताखालच्या वाशांसारखे. बाहेरून प्लेट. हल्लीच्या लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूचं डोकं प्लेटमध्येच आट्यांनी पक्कं बसतं, त्यामुळे हाड ठिसूळ असलं तरी पकड टिकते.

कातडी फारच खराब असेल तर प्लेटचा नाद सोडून गोल रिंगांचा फिक्सेटर लावतात. रशियातल्या कुर्गानचे डॉक्टर इलिझारोव्ह यांच्या नावाने तो ओळखला जातो. २००६ मध्ये कॅनडातल्या सर्जनांच्या गटाने दोन्ही पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. गुडघ्याची हालचाल दोन्हींत जवळपास सारखीच होती, पण रिंगवाल्या पेशंटचा हॉस्पिटलमधला मुक्काम कमी आणि गंभीर गुंतागुंतही कमी होती. तरी रिंग अंगावर वागवत काही महिने काढायचे, झोपायचे वांधे, पिनांच्या जागा रोज साफ करायच्या. त्यामुळे पेशंटला विचारलं तर तो प्लेटच मागतो.

घरी आल्यावर

इथे एक उलटा नियम आहे. पायावर वजन द्यायचं नाही, पण गुडघा वाकवायचा. वजन दिलं तर उचललेला भाग पुन्हा दबतो, म्हणून साधारण सहा ते बारा आठवडे वॉकर किंवा कुबड्या. पण गुडघा हलवला नाही तर तो आखडतो, आणि कूर्चेलाही हालचाल हवी असते. हा विचार रुजवणारे रॉबर्ट सॉल्टर हेही टोरोंटोचेच. सतत हालचालीने सांध्याची कूर्चा चांगली भरते, असं त्यांनी १९७०च्या दशकापासून प्रयोग करून मांडलं. गुडघा आपोआप हळूहळू वाकवणारं सीपीएम मशीन त्यातूनच आलं.

घराघरांत याच्या नेमकं उलट होतं. दुखतं म्हणून पाय उशीवर सरळ ठेवून महिनाभर हलवायचा नाही, आणि बरं वाटलं की तिसऱ्या आठवड्यात ‘दोनच पावलं’ म्हणून बाथरूमपर्यंत चालायचं.

किती वाकला म्हणजे पुरे? खुर्चीत बसायला, जिने चढायला ९० ते १०० अंशांच्या आसपास भागतं. पण आपल्याकडे मांडी घालून बसायचं असतं, उकिडवं बसायचं असतं, शेतात, देवळात, भारतीय संडासात. त्याला १२०-१३० अंशांच्या पुढे वाकावा लागतो, आणि कॉम्प्लेक्स फ्रॅक्चरनंतर तेवढा गुडघा बऱ्याच जणांचा वाकत नाही. त्यामुळे घरात कमोडची सोय करायची असेल तर पेशंट हॉस्पिटलमध्ये आहे तेव्हाच करून टाका. तंबाखू, सिगारेट आणि मिसरीसुद्धा बंद. निकोटिनमुळे कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि हाडही उशिरा जुळतं.

पुढे सांधा बदलावा लागतो का?

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ऑपरेशन झालेल्या आठ हजारांहून जास्त पेशंटचा पाठपुरावा करणारा अभ्यास २०१४ मध्ये आला. दहा वर्षांत त्यातल्या ७.३ टक्के लोकांना सांधा बदलावा लागला. त्याच वयाच्या, असं फ्रॅक्चर न झालेल्या लोकांमध्ये हे प्रमाण १.८ टक्के होतं. म्हणजे धोका कितीतरी पटींनी वाढतो हे खरं, पण बाकीच्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी दहा वर्षं स्वतःच्याच सांध्यावर काढली, हेही त्याच आकड्यात आहे.

अमेरिकेची स्कीइंगपटू लिंडसे वॉनचं उदाहरण बघा. ५ फेब्रुवारी २०१३ला ऑस्ट्रियातल्या श्लाडमिंगमध्ये ती पडली. उजव्या गुडघ्याची दोन लिगामेंट फाटली आणि पठाराची बाहेरची बाजू मोडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरावात लिगामेंट पुन्हा गेलं आणि २०१४चं ऑलिंपिक हुकलं. जानेवारी २०१५मध्ये मात्र तिने महिलांच्या वर्ल्डकपमधला सर्वाधिक विजयांचा विक्रम मोडला. २०१९मध्ये निवृत्त झाली, २०२४मध्ये त्याच उजव्या गुडघ्याचा अर्धा सांधा बदलला आणि चाळिशीत पुन्हा शर्यतीत उतरली. तिच्या गुडघ्याला इतरही बऱ्याच इजा होत्या, त्यामुळे सगळं खापर एका फ्रॅक्चरवर फोडता येणार नाही. शिवाय तिचं फ्रॅक्चर सहा नंबरचं नव्हतं आणि फिजिओथेरपीला तिच्याकडे होती तशी यंत्रणा आपल्याकडे कुणाकडे नसते.

जुन्या फ्रॅक्चरवर सांधा बदलणं साध्या संधिवातापेक्षा अवघड असतं. आधीच्या प्लेटा वाटेत येतात, कातडीवर जुने व्रण असतात, हाडाची रेषा बदललेली असते. त्या वेळी सर्जन पहिली गोष्ट मागतो ती जुन्या ऑपरेशनची कागदपत्रं: कुठली प्लेट, कुठल्या कंपनीची, किती स्क्रू. कारण प्लेट काढायला त्याच मापाचा स्क्रू-ड्रायव्हर लागतो. डिस्चार्जच्या दिवशी बिलासोबत इम्प्लांटचे स्टिकर मागून घ्या, सीटीची सीडी घ्या आणि सगळ्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा.